सर्वात मोठं चर्च कोणतं? आणि आधी काय आलं: माणसं की भिंती?

"जगातलं सर्वात मोठं चर्च कोणतं?" माझ्या पीएचडीचा विषय प्रार्थनास्थळांचे आकार हा आहे, असं कळलं की बहुतेक लोक पहिला प्रश्न हाच विचारतात. प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही सरळ मिळावं ही अपेक्षा रास्त आहे. अडचण एवढीच की तुम्ही काय मोजता त्यावर उत्तर बदलतं.

आतली फरशी मोजली तर उत्तर आहे व्हॅटिकनमधली सेंट पीटर्स बॅसिलिका. सुमारे १५,१६० चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत पावणेचार एकर. बाहेरचा सगळा पसारा धरला तर गिनीज बुकाच्या हिशेबाने पश्चिम आफ्रिकेत, आयव्हरी कोस्ट देशातल्या यामुसुक्रो शहराची बॅसिलिका पहिली येते: ३०,००० चौरस मीटर. उंची बघायची तर २०२५ च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने जर्मनीतल्या उल्म शहराच्या चर्चला मागे टाकलं. उल्मचा १६१.५ मीटरचा मनोरा १८९० पासून पहिल्या नंबरावर होता. आणि कुणी म्हणालं की फक्त कॅथेड्रल मोजा, तर सेंट पीटर्स यादीतून बाहेरच जातं आणि स्पेनमधलं सेव्हिल पुढे येतं.

हे शेवटचं जरा उलगडून सांगते, कारण इथे बरेच जण अडखळतात. कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल, मग ते कितीही लहान असो. पोप हे रोमचे बिशप, पण त्यांचं ते आसन सेंट पीटर्समध्ये नाही, रोममधल्याच सेंट जॉन लॅटरन चर्चमध्ये आहे. बॅसिलिका हा मुळात इमारतीच्या रचनेचा शब्द. आज तो पोपनी एखाद्या चर्चला दिलेला मान म्हणून वापरला जातो. त्यामुळे 'सर्वात मोठी बॅसिलिका', 'सर्वात मोठं कॅथेड्रल' आणि 'सर्वात मोठं चर्च' ही तीन वेगळी वाक्यं आहेत, आणि पर्यटनाच्या जाहिरातींत ती सोयीप्रमाणे एकमेकांच्या जागी वापरली जातात.

या लेखात मला तुम्हाला आणखी एक यादी द्यायची नाहीये. अशा याद्या मी गेली काही वर्षं वाचतेय आणि त्यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. त्या आकडे देतात, पण एक साधा प्रश्न विचारत नाहीत: आधी काय आलं? माणसं आधी आली आणि त्यांना जागा पुरेना म्हणून इमारत मोठी झाली, की इमारत आधी मोठी झाली आणि माणसं नंतर येतील असं गृहीत धरलं? माझ्या मते मोठ्या चर्चचं वास्तू म्हणून मूल्यमापन करायचं असेल तर इथूनच सुरुवात करायला हवी. चार-पाच इमारती घेऊन हे करून बघू.

सेंट पीटर्स: फरशीवरच्या खुणा

सेंट पीटर्समध्ये मुख्य दारातून आत गेलं की मधल्या लांबलचक दालनाच्या फरशीत धातूच्या खुणा बसवलेल्या दिसतात. प्रत्येक खुणेपाशी एकेका मोठ्या चर्चचं नाव आणि लांबी लिहिलेली आहे. लंडनचं सेंट पॉल्स, फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल आणि अशी बरीच. वेदीमागच्या भिंतीपासून मोजलं तर ते चर्च इथपर्यंत येईल, असा त्याचा अर्थ. सगळ्या खुणा दाराच्या आत आहेत. म्हणजे जगातलं कुठलंही चर्च आणा, ते आमच्या पोटात मावेल. आपल्याला ओळखीचं माप हवं असेल तर जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल घ्या. ते ७६ मीटर लांब आहे. ते एकापुढे एक असं दोनदा ठेवलं तरी सेंट पीटर्सच्या आत तीस-पस्तीस मीटर जागा उरते.

पण मला प्रश्न पडतो की या खुणांची गरज का पडली? इतक्या प्रचंड इमारतीला आपला मोठेपणा फरशीवर लिहून का दाखवावा लागतो?

याचं उत्तर इमारतीच्या रचनेत आहे. सेंट पीटर्समध्ये सगळंच एकाच प्रमाणात मोठं केलं आहे. खांब मोठे, कमानी मोठ्या, पुतळे मोठे. तीर्थजलाची पात्रं धरलेली गुबगुबीत देवदूत-बाळं लांबून पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी वाटतात. जवळ गेलं की ती आपल्यापेक्षा उंच निघतात. वेदीवरचं बेर्निनीचं कांस्याचं छत्र जवळपास २९ मीटर उंच आहे, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढं, पण घुमटाखाली ते घरातल्या देव्हाऱ्यासारखं बेताचं दिसतं. डोळ्याला तुलनेसाठी लहान वस्तूच मिळत नाही. परिणाम असा की पहिल्यांदा आत येणाऱ्याला ही जागा सुंदर वाटते, भव्य वाटते, पण नेमकी किती मोठी आहे ते कळत नाही. समोरच्या वेदीपाशी माणूस दिसला की मग धक्का बसतो. काही जण याला दोष म्हणतात. मला तो गुण वाटतो: इमारत तुम्हाला चिरडत नाही. मात्र ज्यांना मोठेपणाची नोंद हवी होती, त्यांना ती फरशीत करून ठेवावी लागली.

आता माणसं की भिंती हा प्रश्न इथे लावू. संत पीटर यांची समाधी मानली जाणारी जागा इथे आहे. त्या जागेवर चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात पहिली बॅसिलिका बांधली गेली. ती जवळपास बाराशे वर्षं उभी होती आणि तितकी वर्षं यात्रेकरू येत होते. १५०६ मध्ये पोप ज्युलियस दुसरे यांनी नव्या इमारतीचा पाया घातला, तेव्हा गर्दी शोधायची गरज नव्हती.

बांधकाम १२० वर्षं चाललं. ब्रामान्ते, राफाएल, सांगालो, मायकेलअँजेलो असे एकामागून एक मुख्य वास्तुकार झाले आणि प्रत्येकाने आधीच्याचा आराखडा बदलला. मायकेलअँजेलोच्या मनात चारही बाजू सारख्या असलेला क्रॉस आणि त्यावर घुमट असं रूप होतं. पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोप पाचवे पॉल यांनी कार्लो मादेर्नोकडून पुढची बाजू लांबवून घेतली. कारणं दोन होती. जुन्या बॅसिलिकेची पवित्र जमीन नव्या इमारतीच्या बाहेर राहू नये, आणि मिरवणुका व गर्दी आत मावावी. वास्तुकलेचे अभ्यासक त्याबद्दल आजही मादेर्नोला बोल लावतात, कारण त्या लांबवलेल्या भागामुळे चौकातून दर्शनी भिंतीजवळ आलं की मायकेलअँजेलोचा घुमट दिसेनासा होतो.

तक्रार खरी आहे. पण माझं मत थोडं वेगळं आहे. सेंट पीटर्सचा जो भाग चित्रात सर्वात कमी देखणा, तोच चर्च म्हणून सर्वात उपयोगी ठरला. जास्तीचे मीटर मिरवण्यासाठी आले नाहीत, आधीपासून येणाऱ्या माणसांसाठी आले.

पैसा कुणाचा?

याचा अर्थ सेंट पीटर्सचे हात स्वच्छ होते असा नाही. इतिहासाच्या पुस्तकात पापमुक्तीपत्रांबद्दल आपण सगळ्यांनी वाचलंय. पोप दहावे लिओ यांनी या बांधकामासाठी १५१५ मध्ये जर्मन प्रदेशात ती विकायला परवानगी दिली. त्यातला मोठा वाटा माइन्त्सच्या आर्चबिशपचं कर्ज फेडायला गेला, ही त्यातली कमी सांगितली जाणारी गोष्ट. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपली ९५ कलमं लिहिली. त्यातल्या एका कलमात थेट विचारलं आहे की इतके श्रीमंत पोप हे एक चर्च गरीब भाविकांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशाने का बांधत नाहीत. म्हणजे जगातल्या सर्वात मोठ्या चर्चच्या बांधकामाचा पैसा हे पश्चिमी ख्रिस्ती जगाच्या फाळणीचं एक कारण झालं. फरशीवरच्या कुठल्याही खुणेत हा हिशेब नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या इमारतीवर टीका करताना अनेक युरोपीय लेखक ती सोयीने विसरतात.

यामुसुक्रो: उसनं घेतलेलं माप

फेलिक्स हुफुए-ब्वानी हे १९६० मध्ये स्वतंत्र झालेल्या आयव्हरी कोस्टचे पहिले राष्ट्राध्यक्ष. १९९३ मध्ये वारले तोपर्यंत ते पदावरच होते. यामुसुक्रो हे त्यांचं जन्मगाव. १९८३ मध्ये देशाची राजधानी समुद्रकाठच्या आबिजानहून तिथे हलवायचं जाहीर झालं, आणि १९८५ ते १९८९ या चार वर्षांत तिथे 'आवर लेडी ऑफ पीस' बॅसिलिका उभी राहिली. सेंट पीटर्सला १२० वर्षं लागली होती. वास्तुकार होते लेबनीज वंशाचे आयव्हरियन पिएर फाखुरी. संगमरवर इटलीहून आला, रंगीत काचा फ्रान्सहून. त्या काचांचं क्षेत्रफळच सात हजार चौरस मीटरच्या घरात जातं. एका काचचित्रात खुद्द राष्ट्राध्यक्ष येशूजवळ दिसतात.

घुमट सेंट पीटर्सवरून बेतलेला, समोर सेंट पीटर्ससारखेच गोलाकार पसरलेले खांबांचे बाहू. असं सांगतात की घुमट रोमच्या घुमटापेक्षा ठेंगणा ठेवावा अशी पोपची सूचना होती. घुमट ठेंगणा ठेवलाही. पण त्यावर क्रॉस इतका उंच बसवला की एकूण उंची १५८ मीटर झाली. रोमची आहे १३६ मीटरच्या वर थोडी. नियम पाळला आणि पहिला नंबरही घेतला.

क्षेत्रफळाचंही तसंच. ३०,००० चौरस मीटरचा आकडा मी वर दिलाच आहे. त्या आकड्यात पाद्रींचं निवासस्थान आणि पाहुण्यांसाठी बांधलेला बंगलाही धरला आहे. फक्त चर्चची आतली जागा घेतली तर आकडा आठ हजारांच्या आसपास येतो, म्हणजे सेंट पीटर्सच्या साधारण निम्मा. बसायला सात हजार जागा, उभे आणखी अकरा हजार. मग 'जगातलं सर्वात मोठं चर्च' हा किताब नेमका कशाला मिळाला? चर्चला की आवाराला?

आता काळ बघा. देशाचं अर्थकारण कोकोवर चालायचं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कोकोचे जागतिक भाव कोसळले. १९८७ मध्ये सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. १९८९ मध्ये, म्हणजे बॅसिलिका पूर्ण झाली त्याच वर्षी, कोको शेतकऱ्याला मिळणारा सरकारी भाव किलोमागे ४०० फ्रँकवरून २०० वर आणला गेला. बॅसिलिकेच्या खर्चाचे अंदाज पंधरा कोटी डॉलरपासून तीस कोटींपर्यंत जातात. राष्ट्राध्यक्ष म्हणत की पैसा माझ्या खासगी मालमत्तेतला आहे. एका माणसाने तीस वर्षं देश चालवल्यावर त्याची खासगी मालमत्ता आणि देशाची तिजोरी यांच्यातली रेघ कुठे मारायची, ते तुम्हीच ठरवा.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या सप्टेंबरात या बॅसिलिकेचा अभिषेक केला, पण एक अट घालून: शेजारी गरिबांसाठी रुग्णालय बांधायचं. त्या रुग्णालयाची कोनशिलाही तेव्हाच बसली. बॅसिलिका चार वर्षांत झाली होती. रुग्णालय सुरू व्हायला जवळपास पंचवीस वर्षं लागली.

एवढं सांगितल्यावर पैशाच्या उधळपट्टीचा मुद्दा सर्वात मोठा वाटेल. पण समीक्षा म्हणून माझा मुख्य आक्षेप तो नाही. नुसत्या खर्चावर बोलायचं तर ल्यूथरने सेंट पीटर्सबद्दल विचारलेला प्रश्न तोच होता, आणि आज आपण तिथे तिकिटाशिवाय रांगेत उभे राहून फोटो काढतो. युरोपातल्या राजांनी गरिबांच्या पैशाने बांधलं की त्याला वारसा म्हणायचं आणि आफ्रिकेतल्या राष्ट्राध्यक्षाने बांधलं की वेडेपणा, हा दुटप्पीपणा आहे. आफ्रिकेतल्या कॅथलिकांनी मातीच्या झोपडीवजा चर्चमध्येच प्रार्थना करावी असं कुणी सुचवत असेल, तर माझा त्याला विरोध आहे. भव्य जागेत उभं राहण्याचा हक्क गरीब माणसालाही आहे.

माझा आक्षेप मापाबद्दल आहे. या इमारतीत जे काही आहे ते रोमशी तुलना करूनच ठरलं. घुमट रोमपेक्षा इतका, क्रॉस रोमपेक्षा तितका. तिच्या आकाराचं उत्तर यामुसुक्रोच्या लोकांकडे नव्हतंच. शहर त्या वेळी जेमतेम लाखभर वस्तीचं, त्यात सगळे कॅथलिक नव्हेत. देशातही कॅथलिक अल्पसंख्यच. शहराचं कॅथेड्रल म्हणजे बिशपचं चर्चही वेगळंच आहे. सर्वसाधारण रविवारच्या मिस्सेला येणारी माणसं त्या सात हजार जागांचा एक कोपरा भरतात.

आणि गंमत म्हणजे याला पर्याय त्याच देशात, त्याच राष्ट्राध्यक्षांच्या काळात उभा होता. आबिजानचं सेंट पॉल्स कॅथेड्रल याच पोपनी १९८५ मध्ये अभिषेक करून खुलं केलं. वास्तुकार आल्दो स्पिरितो. समोर आभाळाकडे हात पसरल्यासारखी संत पॉल यांची अमूर्त, प्रचंड आकृती, आणि तिच्यापासून मागे गेलेल्या जाड तारांनी चर्चचं छत तोललेलं. जणू संत चर्चला मागून ओढत पुढे निघाले आहेत. तीही मोठी इमारत, तीही खर्चिक. पण ती कुणाची नक्कल नाही, आणि ती लाखो वस्तीच्या शहरात आहे. ती कुठल्याही 'पहिल्या दहा'त नसल्यामुळे तुम्ही तिचं नाव बहुधा ऐकलेलं नसेल.

शहर निघून गेलं तर?

यामुसुक्रोत शहर येण्याआधी चर्च आलं. याच्या बरोबर उलट गोष्ट आपल्या शेजारी घडली. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल १५६२ मध्ये बांधायला घेतलं आणि १६१९ मध्ये पूर्ण झालं, म्हणजे सेंट पीटर्सच्याच काळातलं. ७६ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. आशियातल्या सर्वात मोठ्या चर्चपैकी एक अशी त्याची ओळख आपण शाळेच्या सहलीपासून ऐकतो. बांधलं तेव्हा गोवा ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या साऱ्या सत्तेची भरभराटीची राजधानी होती. इमारत सत्तेचा रुबाब दाखवायला होती हे खरं, पण तिच्याभोवती शहरही होतं. मग साथी आल्या, व्यापार गेला, लोक गेले. १७७६ मध्ये एक मनोरा पडला तो पुन्हा बांधला नाही. १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. आज दर्शनी बाजूला एकच मनोरा दिसतो, तो मूळ रचनेचा भाग नाही असं अनेकांना वाटतं. दुसरा का नाही, याचं उत्तर हे आहे.

रस्त्यापलीकडे बॉम जीझस बॅसिलिका आहे, से कॅथेड्रलपेक्षा बरीच लहान. पण गर्दी कायम तिकडे, कारण संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तिथे आहेत. नुसतं आकारावर लोक येत नाहीत याचा यापेक्षा सोपा पुरावा नाही. आणि तरी दर दहा वर्षांनी हे अवशेष दर्शनासाठी बाहेर काढतात तेव्हा ते रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये नेतात, कारण तिथे जागा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत चाललेल्या सोहळ्यातही तसंच झालं. तेवढे दिवस त्या मोठ्या इमारतीला तिचं काम परत मिळतं.

गर्दी आधी, भिंती नंतर

आता दोन अशी चर्च बघू जिथे क्रम स्पष्ट आहे.

फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला मरियम माता दिसली अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून तिथे आजारी माणसांची यात्रा भरते. शताब्दीला म्हणजे १९५८ मध्ये येणाऱ्या लोकांना जागा पुरणार नाही हे दिसत होतं. मग काय केलं, तर जमिनीखाली चर्च बांधलं. संत दहावे पायस यांच्या नावाची ही बॅसिलिका १९१ मीटर लांब आणि ६१ मीटर रुंद आहे, आकार लांबट अंड्यासारखा. वीस हजारांवर माणसं मावतात. वर हिरवळ. ती बाहेरून दिसतच नाही! पूर्वताणित काँक्रीटचे जनक मानले जाणारे अभियंते यूजेन फ्रेसिने यांनी तिचा सांगाडा केला, म्हणून एवढ्या मोठ्या जागेत मधे खांब नाहीत. कडेच्या काँक्रीटच्या बरगड्यांवरच छत पेललेलं आहे. वेदी मध्यभागी. आत उतरायला पायऱ्यांऐवजी रुंद उतार, कारण यात्रेकरूंतले अनेक जण चाकाच्या खुर्चीत किंवा खाटेवर येतात.

सुंदर आहे का? खरं सांगायचं तर नाही. छत बसकं, भिंती कोऱ्या काँक्रीटच्या, उजेड कमी. पार्किंगच्या तळघरासारखं वाटतं ही तक्रार नेहमी होते, आणि ती खोटी नाही. पण उतारावरून शेकडो खुर्च्या एकामागून एक आत येतात तेव्हा त्या इमारतीचा प्रत्येक मीटर कुणासाठी आहे ते सांगावं लागत नाही. फरशीवर खुणा लागत नाहीत.

दुसरं ब्राझीलमधलं अपारेसिदा. १७१७ मध्ये कोळ्यांना नदीत जाळ्यात मरियम मातेची भाजक्या मातीची एक मूर्ती सापडली, जेमतेम हातभर उंचीची. आधी लहान देऊळवजा चॅपल, मग गावातली जुनी बॅसिलिका, आणि तीही अपुरी पडू लागल्यावर १९५५ पासून नवी बॅसिलिका बांधायला घेतली. चारही बाजू सारख्या असलेला क्रॉस, साध्या विटांचं काम, वेदी मधोमध. १९८० मध्ये अभिषेक झाला तरी सजावटीचं काम पुढे कित्येक वर्षं चालूच होतं. वर्षाला एक कोटीच्या आसपास भाविक येतात. हातभर मूर्ती आणि तिच्यासाठी जगातल्या सर्वात मोठ्या चर्चपैकी एक. हे व्यस्त प्रमाण विसंगत वाटत नाही, कारण मधल्या अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत गर्दी टप्प्याटप्प्याने वाढत गेलेली आपल्याला दिसते.

एक रास्त आक्षेप

तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक चर्च म्हणजे गर्दी मावण्याची शेडच का? उंच घुमट, रिकामं आकाश, गरजेपेक्षा जास्त जागा यांना काहीच अर्थ नाही का?

आहे. श्रद्धेच्या वास्तूत थोडी जागा माणसांसाठी नसतेच, ती त्यांच्या डोक्यावरची असते. लूर्दमध्ये तीच कमी पडते आणि म्हणून तिथे जीव गुदमरतो, हेही मी मान्य करते. गरजेपेक्षा मोठं बांधणं हा गुन्हा नाही. सेव्हिलच्या धर्मगुरूंबद्दल अशी आख्यायिकाच आहे की आपण इतकं मोठं बांधू की लोक आपल्याला वेडे म्हणतील, असं त्यांनी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ठरवलं. पण गाउदीने साग्रादा फामिलियाची उंची ठरवताना बार्सिलोनाच्या मोंजुइक टेकडीपेक्षा ती थोडी कमी ठेवली, कारण देवाने केलेल्या टेकडीपेक्षा माणसाने केलेलं उंच असू नये. त्याचंही माप तुलनेचंच होतं. फक्त त्याने तुलना शेजारच्या टेकडीशी केली, हजार किलोमीटरवरच्या घुमटाशी नाही.

उसन्या मापाचं काय होतं याचं एक उदाहरण इंग्लंडमध्येही आहे, म्हणजे हा काही आफ्रिकेचा दोष नव्हे. नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधणारे एडविन लचिन्स यांनी लिव्हरपूलच्या कॅथलिकांसाठी सेंट पीटर्सपेक्षा मोठ्या घुमटाचं कॅथेड्रल आखलं. १९३३ मध्ये काम सुरू झालं. युद्ध आलं, खर्चाचा अंदाज अनेक पटींनी वाढला, आणि तळघरापलीकडे काही उभं राहिलं नाही. अखेर त्याच तळघराशेजारी फ्रेडरिक गिबर्ड यांनी आखलेलं गोल, खूपच स्वस्त कॅथेड्रल १९६७ मध्ये उघडलं. त्यात वेदी मधोमध आहे आणि लोक तिच्याभोवती बसतात. गळक्या छताबद्दल त्यालाही पुष्कळ बोलणी बसली. पण ते वापरात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी 'जगातली सर्वात मोठी दहा चर्च' अशी यादी समोर आली तर पहिल्या नंबरावर भांडू नका. आधी बघा की आकड्यात आतली फरशी धरली आहे की पाद्रींचा बंगलाही. मग त्या इमारतीआधी तिथे काय होतं ते शोधा: समाधी, यात्रा, भरलेलं शहर, की मोकळं माळरान. आणि जमलं तर तिसरंही शोधा, की त्याच वर्षी त्या गावातल्या शेतकऱ्याला त्याच्या पिकाचा काय भाव मिळत होता. माझ्या प्रबंधातल्या तक्त्यात या तिसऱ्या रकान्याला अजून नीट नाव मिळालेलं नाही. मार्गदर्शक म्हणतात की हा वास्तुकलेचा रकाना नव्हे. मी तो ठेवलाय.

पुढच्या लेखात घनफळाबद्दल लिहीन: फरशी सारखी असूनही एक चर्च दुसऱ्याच्या दुप्पट मोठं का वाटतं, आणि न्यूयॉर्कचं सेंट जॉन द डिव्हाइन १८९२ पासून अजून अपूर्ण का आहे.